डुप्लिकेट साप

मोटारीचा डुप्लिकेट पार्ट तय्यबभाई परकार खोकं उघडायच्या आधी ओळखायचे. आखातातल्या मुसफ्फाच्या गॅरेजवाल्यांनी एकवीस वर्षं या नजरेची इतकी तारीफ केली की रत्नागिरीच्या या स्टोअरकीपरला ती खरीच वाटायला लागली. माणसाला इतकं डोक्यावर चढवू नये, पण लोक चढवतात.

शाळेच्या सुट्टीत गावी जाताना त्यांनी मोहम्मद बिन झायद सिटीतल्या फ्लॅटची चावी वॉचमन जहूरचाचांकडे दिली. घरात लेकीचा, हिबाचा, साप होता. बिनविषारी पिल्लू, राखाडी अंगावर तपकिरी डाग, नाव बिस्किट. पाणी बदलायचं, आठवड्याला फ्रीझरमधलं उंदराचं पिल्लू द्यायचं. चाचांना सापाची भीती वाटायची. तरी हो म्हणाले.

दोन महिन्यांनी परत येतात तर काचेच्या पेटीत चक्क केशरी साप! "धिस इज नॉट बिस्किट, अब्बा," म्हणत हिबा रडायला लागली. तय्यबभाईंनी लगेच ताडलं: पहिला मेला आणि म्हाताऱ्यानं गुपचूप दुसरा आणून ठेवला. तडक खाली गेले. लिफ्टपाशी शेजारीपाजारी उभे होते. दोनदा कात टाकली, दर वेळी रंग खुलत गेला, असं चाचा सांगायला लागले, पण ऐकतो कोण?

"इक्कीस साल से नकली माल पकड़ता हूँ, चाचा. झूठ मत बोलो."

चाचांनी चावी त्यांच्या हातावर ठेवली. चाचांसाठी गावाहून आणलेली आंबापोळी मग बॅगेतच राहिली.

चार दिवसांनी तय्यबभाईंच्या बायकोला, सुरैय्याला, पेटीखालच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन काती सापडल्या. वर तारखा, आणि उर्दूत लिहिलेलं: हिबा बेटीसाठी. कातीवर डागांची नक्षी फिकट उमटलेली होती. हिबानं फोनमधला जुना फोटो शेजारी धरला. मानेजवळ जोडलेले दोन डाग फोटोत होते, दोन्ही कातींवर होते आणि पेटीतल्या केशरी सापावरही होते.

"सेम स्नेक," ती म्हणाली, आणि बापाकडे बघेना.

पेट शॉपवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, ही पिल्लं कात टाकत टाकत केशरी होतातच, विकताना सांगितलं होतं की! तय्यबभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुरैय्यानं बॅगेतला आंबापोळीचा पुडा काढून ओट्यावर ठेवला.

भाईंनी वेळही कशी निवडली, तर भर दुपारची, खाली चिटपाखरू नसताना. मान खाली घालून माफी मागितली.

"माफ़ किया, साहब," चाचा म्हणाले. "लेकिन झूठा आपने सबके सामने बोला था."

लाज वाटत होती, पळून जावंसं वाटत होतं, तरी तय्यबभाई पुडा आणि चावी हातात धरून तिथंच उभे राहिले. ऑफिसं सुटली. पहिली लिफ्ट भरून वर गेली, यांची जीभ उचलेना. मग तिसऱ्या मजल्यावरचे लॅन्सी चारचौघांबरोबर आले आणि हसत म्हणाले, काय परकारसाहेब, चाचांचा नकली साप बरा आहे ना? चाचा खुर्चीत तसेच बसून होते.

"साँप वही है," तय्यबभाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चाचा सच्चे थे. झूठा इल्ज़ाम मैंने लगाया."

कोणी हसलं नाही. तय्यबभाईंनी दोन्ही हात पुढे केले. चाचांनी आंबापोळी घेतली. चावी घेतली नाही.