व्याह्यांचे बारा सेकंद

२०२२ साल, मला तेव्हा एकसष्टावं चालू होतं, आणि तोवर सिन्नरपासून नाशिकपर्यंत जेवढी माणसं पाहिली त्यांत थांबलेल्या वस्तूचा एवढा ध्यास घेतलेला माणूस एकच, आमचे व्याही. माझ्या धाकटीचे सासरे. वस्तू चालू असली की त्यांना तिच्याशी काही देणंघेणं नाही. थांबली, की हे घड्याळ बघणार, खिशातून छोटी वही काढणार आणि समोर असेल त्याला विचारणार, "कारण काय?" लग्नात पंगत बसली, भात वाढला आणि वरण येईना. नवऱ्या मुलाचा बाप फेटा बांधून वहीत काहीतरी लिहितोय. मी मुलीचा बाप, हात जोडून धावलो, काय चुकलं म्हणून. तर म्हणाले, "चुकलं काही नाही व्याही. पंगत सहा मिनिटं बंद होती. कारण तेवढं सांगा." मी म्हटलं, "वाढपी चहाला गेला होता." "झालं, माणसं कमी," असं लिहून ते मोठ्या समाधानाने जेवले. सिन्नरच्या स्टँडवर एसटी उशिरा सुटली की कंडक्टरला कारण विचारणार. विहीणबाईंनी अबोला धरला की त्यांनाही. एकदा त्या वैतागून बोलल्या, "कारण तुम्हीच!" तेही वहीत आहे, वेळेसकट. मी स्वतः पाहिलंय.

हेच त्यांचं काम होतं. कारखान्यातली लाइन कधी थांबली, किती वेळ थांबली, हे माणसाला न विचारता आपोआप कळावं, अशी यंत्रं ते बसवून द्यायचे. आणि नशीब बघा, ते यंत्र घेऊन आले ते आमच्याच अंबडच्या मसाल्याच्या कारखान्यात, माझ्याच लाइनवर. मी चौथी शिकलेला माणूस. पण तिखटाच्या पुड्यांची ती लाइन तीस वर्षं माझ्या हाताखाली. रिटायर झाल्यावरही मालकांनी मला ठेवून घेतलं होतं, ते उगीच नाही.

पुड्या वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या कडेला त्यांनी एक डोळा लावला. समोरून पुडी गेली की डोळ्यापुढचा उजेड अडतो, पुडी मोजली जाते. पुडी आली नाही तर लाइन बंद. पण किती वेळ आली नाही म्हणजे बंद? एवढ्या प्रश्नासाठी हा माणूस तीन दिवस तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसला. नाकाला रुमाल, तिखटाच्या शिंका चालू, आणि शिंकताना दोन पुड्या बघायच्या राहिल्या म्हणून शिंकासुद्धा वहीत. पाच सेकंद ठेवले तर नुसती पुडी वाकडी झाली तरी बंद दिसेल, मिनिट ठेवला तर खरं थांबणं लपून जाईल. शेवटी बोट वर करून म्हणाले, "बारा सेकंद. त्याच्या पुढे बंद म्हणजे बंद."

आता माझी पद्धत अशी की दर अर्ध्या तासाने मी लाइन थांबवतो. पुडीला गरम सील मारणारा जो जबडा आहे, आम्ही त्याला जॉ म्हणतो, त्यावर तिखट बसतं. ते पुसलं नाही तर सील कच्चं राहतं आणि पुडी दुकानात फुटते. बायकोच्या जुन्या लाल साडीचं फडकं मी त्यासाठीच ठेवलेलं. चाळीस सेकंदांचं काम. डोळ्याला ते कुठलं कळायला! डोळ्याला जोडलेल्या पडद्यावर माझी लाइन दर अर्ध्या तासाला लाल. आणि नवे साहेब सांगून गेले होते, "काका, महिनाभराचा हिशोब बघणार. विनाकारण थांबणारा माणूस दिवाळीनंतर ठेवता येणार नाही."

मी व्याह्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "बाराचे पंचेचाळीस करा. आपल्या पोरांकडे बघून करा."

"नात्यात सेकंद वाढवत नाही, व्याही. पण पॅनलवर कारणांची पाच बटणं दिलीत. पुसलं की चौथं दाबा, 'सफाई'. पडद्यावर कारण येईल, कुणी बोट दाखवणार नाही."

"तीस वर्षं काम केलं. आता बटण दाबून सांगू होय, की बाबांनो मी काम करतोय?"

"सांगावं लागतं."

"नाही सांगत, जा."

आणि नाहीच दाबलं. महिनाभर माझ्या नावापुढे 'कारण नाही', 'कारण नाही'. व्याही फेरीला आले की मी जॉकडे तोंड करून उभा. चहासुद्धा वेगवेगळा.

मग खंडेनवमी आली. लाइन बंद केली, धुतली, कुंकू लावलं. रुसलो होतो, तरी म्हटलं डोळाही यंत्रच आहे, व्याह्यांच्या हातचा आहे. झेंडूचा एक जाड हार त्याच्यावरही घातला. उदबत्तीचा धूर जावा म्हणून पंखा चालू ठेवला आणि सगळे दसऱ्याच्या सुट्टीला घरी गेले.

सुट्टीनंतर साहेबांनी सगळ्यांना पडद्यापुढे बोलावलं. व्याहीही आले होते, काम पूर्ण झाल्याची सही घ्यायला. साहेब खुशीत. "काका, मनावर घेतलंत की जमतं तर! महिन्यातलं सगळ्यात लांब सलग काम तुमच्या लाइनचं. दीड दिवस, एकदाही थांबली नाही! आता तुम्हाला सोडतंय कोण?"

मी पडद्याकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे. त्यांच्या लगेच लक्षात आलं. दीड दिवस पंख्याच्या वाऱ्याने हार हलत होता आणि डोळा एकेक झेंडू पुडी म्हणून मोजत होता. बोलावं तर माझी, म्हणजे त्यांच्या व्याह्याची, नोकरी जाते, न बोलावं तर खोट्यावर सही होते. वही हातात, पेन हातात, आणि लग्नाच्या पंगतीत न थांबलेला माणूस तिथे थांबला. मी मनात मोजू लागलो. दहा. अकरा. बारा. तेरा. त्यांच्याच नियमाने ते बंद पडले होते, आणि कारण मी होतो.

मला ते बघवेना. म्हटलं, "साहेब, तेव्हा लाइन बंद होती. पूजेचा हार मी डोळ्यावर घातला. झेंडू मोजलेत त्याने."

सगळे हसले. व्याही म्हणाले, "साहेब, आजची संध्याकाळ द्या. मोटर फिरत असेल तरच डोळा मोजेल असं करतो. आणि एक काम करा. ह्या लाइनच्या फुटक्या पुड्या किती परत आल्या, ते मागवा. मग कारण विचारा."

साहेबांनी मागवलं. एकही नव्हती. मला आणखी वर्षभर ठेवलं.

आता मी घरीच असतो. व्याह्यांना सिन्नरहून येणं झेपत नाही. फोनवर बोलता बोलता मी गप्प झालो की तिकडून येतं, "का हो, थांबलात? कारण काय?" मी पाऊसपाण्याचं काहीतरी सांगतो. वही अजून असेल त्यांच्याकडे.

पण एक गोष्ट त्यांनाही कधी बोललो नाही. पॅनलच्या बटणांवरची नावं इंग्रजी होती. ती मला येत नव्हती, आणि चौथं म्हणजे वरून की खालून, हे विचारायला जीभ उचलली नव्हती. तीन दिवस डब्यावर बसून त्या माणसाने नुसत्या पुड्या पाहिल्या नसणार. त्या संध्याकाळी मोटरची वायर जोडून ते शेवटच्या एसटीने गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी लाइन थांबवली, फडकं उचललं, तर त्याचा कोपरा कापलेला. कुणी कापलं म्हणून शिवी देणार होतो, तेवढ्यात पॅनलकडे लक्ष गेलं. एका बटणावर नखाएवढा लाल तुकडा चिकटवलेला होता. मी जॉ पुसला, आसपास कुणी नाही बघून त्या लाल तुकड्यावर अंगठा दाबला, आणि लाइन चालू केली.