मागच्या मैदानावरची कच्ची पोरं

बायको गेली त्यानंतर अडीच महिने मी घराबाहेर पडलो नाही. घर मुलीचं, आयर्लंडात, एनिस गावाच्या अगदी कडेला. आम्ही दोघं २०२० च्या जानेवारीत सहा महिन्यांसाठी म्हणून आलो होतो. एप्रिलात ती गेली. कोविडनं नाही, हार्टनं. सकाळी चहा टाकला आणि खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. अंत्यविधीला आम्ही तिघंच होतो. मी, मुलगी आणि जावई. विमानं बंद, त्यामुळे तिची रक्षा स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये ठेवली. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. वरच्या फळीवर ती, खालच्या फळीवर चहा-साखर. पन्नास वर्षांत मी तिला एकदा चहा करून दिला नाही. आता रोज सकाळी तिच्यासमोर स्वतःचा करून घेत होतो.

जुलैत मागच्या बाजूनं आवाज यायला लागला. लाकडावर लाकूड आपटल्याचा.

मी सुतार. शाळा सातवीपर्यंत, पुढं सगळं आयुष्य मिरजेत लाकडात गेलं. कुऱ्हाडीचे दांडे, खाटा, पाळणे. लाकूड मोडताना कसा आवाज करतं हे मला भिंतीपलीकडून कळतं. आणि भिंतीपलीकडे चांगलं लाकूड फुकट मोडत होतं. मला राहवेना. चप्पल घातली आणि परसातल्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो.

पलीकडे मैदान. पंधरा-पंधरा माणसं, प्रत्येकाच्या हातात खाली पसरट असलेली काठी. हर्ली म्हणतात तिला. चेंडू चामड्याचा, दगडासारखा टणक. तो हवेतच मारायचा, नाहीतर काठीच्या टोकावर तोलत पळत सुटायचं. दोन उंच खांब, मध्ये आडवी दांडी. दांडीवरून गेला तर एक गुण, खालून गेला तर तीन. एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं. आणखी एक कळलं, की आमच्या मागचा संघ भिकार आहे. आमच्या म्हणतो, कारण जो घरामागं खेळतो तो आपलाच.

त्या उन्हाळ्यात ते एकही सामना जिंकले नाहीत. कोविडमुळे लोकांना आत सोडत नव्हते, पण मला कोण अडवणार? मी माझ्या भिंतीशी. निम्म्या संघाची पोटं सुटलेली. एकदा पळाले की दहा मिनिटं कमरेवर हात. कोच साठीचा होता, रिटायर पोस्टमन. तो ओरडत नसे. खिशात हात घालून बघत राही. हरल्यावर सगळे गेले की एकटा चेंडू गोळा करी.

एकदा चेंडू आमच्या परसात आला. तो घ्यायला तोच भिंतीशी आला. माझं इंग्रजी म्हणजे येस आणि नो. मुलगी कपडे वाळत घालत होती, तिला म्हटलं, "ह्यांना सांग, तुमची नऊ माणसं संपलेली आहेत."

"आप्पा, असं कुणाला तोंडावर सांगतात का!"

"खोटं आहे का?"

तिनं लाजत लाजत सांगितलं. तो पोस्टमन हसला आणि बोटं दाखवून काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतो?"

"म्हणतोय, दहा. तुमचा एक मोजायचा राहिला." मग ती हळूच म्हणाली, "तो लाल केसांचा आहे ना आप्पा, तो ह्यांचा मुलगा."

त्या मुलाला मी मोजलंच नव्हतं. तेहतिशीचा असेल, पण अंगात दम होता आणि संघातले निम्मे गुण तोच करायचा. मी म्हटलं, तो तर बरा खेळतो.

"आज बरा खेळतो," पोस्टमन म्हणाला. "पण त्याच्या जागी जो यायचा आहे, तो बाहेर बसूनच थोराड होतोय."

हिवाळ्याच्या आधी त्यानं दहाही माणसं काढली. पोटच्या मुलासकट. त्यांच्या जागी सतरा-अठरा-एकोणीसची पोरं घेतली. गावात बोंब झाली. मुलीला दुकानात, दवाखान्यात, जिथं तिथं तेच ऐकू यायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय म्हणून. क्लबच्या कमिटीनं त्याला एक वर्ष दिलं. २०२१ मध्ये संघ खालच्या पायरीवर घसरला नाही तर ठीक. घसरला तर कोच घरी, पोरं घरी आणि जुने परत. २०२० मध्ये कोविडमुळे कुणालाच खाली उतरवलं नव्हतं, म्हणून वाचले होते. पुढच्या वर्षी ती सवलत नव्हती.

मुलगा बापाशी बोलेना. एकाच घरात राहायचे दोघं. पोस्टमनची बायको जाऊन सहा वर्षं झालेली. म्हणजे जेवणाच्या टेबलाशी दोन पुरुष आणि शब्द नाही. मला ते घर न बघता दिसत होतं.

मग जानेवारीत परत सगळं बंद. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढं जायचं नाही. मैदानाला कुलूप. मी म्हटलं, झालं, संपली पोरं. पण ह्या माणसानं काय करावं? त्यानं प्रत्येक पोराला सांगितलं, घराच्या भिंतीवर रोज दोनशे चेंडू मार. शंभर उजव्या बाजूनं, शंभर डाव्या. आणि हा जुन्या पोस्टमनसारखा पावसात चालत निघायचा, पाच किलोमीटरच्या आत जेवढी घरं येतील तेवढ्या घरांशी. दार वाजवायचा नाही. रस्त्यावर उभा राहून आवाज मोजायचा. डावीकडून मारलेल्याचा आवाज वेगळा येतो म्हणे. मोजून झाले की पुढं. पोरांना ठाऊक नसायचं कोण कधी ऐकून गेलं ते. मला हे मुलीनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हा माणूस माझ्या धंद्यातला पाहिजे होता.

मे महिन्यात सराव सुरू झाला आणि काठ्यांची पंचाईत झाली. ज्या झाडांच्या ह्या काठ्या करतात त्यांना कसला रोग लागलेला, नवीन काठ्या मिळेनात. मोडक्या काठ्यांचा ढीग लागला. मी मुलीला म्हटलं, त्यांना सांग भिंतीवर टाका, मी बघतो.

तेवीस काठ्या आल्या. जावयाच्या शेडमध्ये मी बसलो. वर्षभरात पहिल्यांदा हातात रंधा घेतला. चिरा गोंदानं भरल्या, शिकंज्यात धरल्या, टोकाला पत्र्याच्या पट्ट्या मारल्या. मुठींवर कसल्या तरी चिकट, काळ्या, फाटक्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या, घामानं कुजक्या. मी त्या ओरबाडून काढल्या. मूठ घासून घासून गुळगुळीत केली आणि वर लाखेचं पॉलिश, तीन हात.

हे माझ्या हातांना तिनं लावलेलं वळण. पाळण्याची दांडी झाली की बायको डोळे मिटून तिच्यावरून तळवा फिरवायची. कुठं कणभर खरखरलं तरी परत द्यायची. "आवो, ह्याला बाळाचा गाल लागायचा हाय." मी चिडायचो, शिव्या घालायचो, आणि परत घासायचो. शेडमध्ये मी तसेच डोळे मिटून तेवीसच्या तेवीस मुठी तपासल्या. कुठं खरखर नाही. आरशासारख्या.

पोरं काठ्या बघून खूश. सरावाचा सामना होता, बारीक पाऊस पडत होता. पहिल्या पाच मिनिटांत तीन काठ्या हातातून सुटल्या. एक पंचाच्या पायाशी पडली, एक थेट कुंपणापार. एका पोरानं इतका जोर लावून मारलं की चेंडू जागेवर आणि काठी उडाली. सगळे हसायला लागले, समोरचे तर पोट धरून. मी भिंतीआड खाली बसलो. हे म्हातारपण आणि ही अक्कल.

सामना झाल्यावर पोस्टमन एक काठी घेऊन भिंतीशी आला. मी वर बघेना. मुलगी हसू दाबत सांगत होती. "म्हणतोय, इतकी सुंदर मूठ जन्मात बघितली नाही. घरात भिंतीवर लावीन म्हणतोय."

"चेष्टा करतोय."

"नाही ओ आप्पा, खरंच म्हणतोय. फक्त म्हणतोय, ह्यानं मारता येत नाही. त्या काळ्या पट्ट्या घाम पिण्यासाठी असतात."

दुसऱ्या दिवशी कानस घेतली आणि माझंच पॉलिश मी खरवडून काढलं. मुठी मुद्दाम खडबडीत केल्या, वर नव्या पट्ट्या गुंडाळल्या. दोन दिवस लागले. हात बसला तसं पोरं कुणाची मूठ किती जाड हवी ते येऊन दाखवू लागली. मी त्यांचे तळवे बघायचो. अठरा वर्षांचे आणि सुतारासारखे घट्टे. ते भिंतींचे घट्टे होते, हिवाळ्यातले.

सामने सुरू झाले. हरले. पण कसे हरले ते सांगतो. पहिला चौदा गुणांनी, दुसरा सातनं, तिसरा तीननं, चौथा बरोबरीत. आकडे बघून मला रात्री झोप लागेना, जसा काही मीच खेळणार होतो. मधल्या काळात तो लाल केसांचा मुलगा परत आला. राखीव म्हणून. बापाशी बोलायचा नाही, पण मैदानाच्या कडेनं जादा काठ्या घेऊन पळायचा. कुणाची मोडली की दुसरी फेकायची. संघाचा हिरो, आणि हे काम.

शेवटचा सामना तळाच्या दोघांत. हरेल तो खाली. आता लोकांना आत सोडत होते. मी पहिल्यांदा भिंत सोडून मैदानाशी गेलो.

शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा आम्ही पाच गुणांनी मागं. लोक मुलाच्या नावानं ओरडायला लागले. त्याला आत घाला, त्याला घाला. मुलगा काठ्या घेऊन बापापासून चार हातांवर उभा. बाप त्याच्याकडे बघेना. खिशात हात, नजर पोरांवर. आणि खरं सांगतो, मीपण ओरडलो. मराठीत. "अहो घाला की त्याला, काय अडलंय!" ज्यानं भिंतीशी उभं राहून नऊ माणसं संपली म्हणून सांगितलं, तोच मी.

त्यानं नाही घातलं. मैदानावरच्या सगळ्यात लहान पोरानं गर्दीतून चेंडू उचलला, टोकावर तोलत तिघांना चुकवलं आणि दांडीखालून हाणला. तीन गुण. मग पाच मिनिटं आमचीच पोरं खेळत होती, समोरचे नुसते अडवत होते. दोन वेळा चेंडू खांबाला घासून बाहेर गेला. शिट्टी झाली तेव्हा आम्ही दोननं हरलो होतो.

पोरं गवतावर पडली. एक दोघं रडत होती. पोस्टमननं एकेकाला उठवलं आणि मग नेहमीसारखा चेंडू गोळा करायला लागला. मी जाऊन दोन चेंडू उचलून दिले. मुलीला म्हटलं, सांग ह्यांना, मीपण ओरडलो, माफ करा.

त्यानं ऐकलं. म्हणाला, "मीपण आतून तेच ओरडत होतो."

गुरुवारी कमिटीची मीटिंग. मला जेवण गेलं नाही. मुलगी म्हणाली, आप्पा, खेळ आहे हा. मी म्हटलं, तुझी आई गेल्यावर ह्या पोरांनी मला दाराबाहेर काढलंय, खेळ म्हणू नको.

शुक्रवारी तो भिंतीशी आला. दाढी केलेली नव्हती. मुलगी ऑफिसचा कॉल सोडून बाहेर आली आणि तिघं उभे राहिलो. त्यानं सांगितलं ते असं. कमिटीनं त्याला बाजूला करायचं ठरवलेलंच होतं. जुनी माणसं मागच्या बाकांवर येऊन बसली होती. अध्यक्षानं विचारलं, कुणाला काही बोलायचंय? तर मुलगा उठला. सगळ्यांना वाटलं, आता हा बापाला सोलणार. तो म्हणाला, "शेवटच्या दहा मिनिटांत मला घातलं असतं तर आपण जिंकलो असतो." बाकांवरच्यांनी माना हलवल्या. "आणि पुढच्या वर्षी ह्याच तारखेला इथंच बसलो असतो, माझं वय पस्तीस. पोरं वाईट खेळली असं जो म्हणतो त्यानं उभं राहावं." कुणी उठलं नाही. "मग म्हाताऱ्याला ठेवा. काठ्या मी उचलीन."

ठेवलं. दोन वर्षं.

हे सांगताना पोस्टमननं भिंतीवर हात ठेवला होता. मी त्यावर माझा ठेवला. कोविडचं दूर उभं राहणं दोघंही विसरलो. मी विचारलं, घरी काय बोलला पोरगा? तो म्हणाला, "मीठ दे, म्हणाला." वर्षभरानं बोलला तो मीठ दे म्हणाला. त्या माणसाला एवढंच पाहिजे होतं. मला कळलं. मुलीला नाही कळलं, ती अजून पुढचं वाक्य ऐकायला थांबली होती.

मंगळवारी सरावाला एकवीस पोरं आली. खाली घसरलेल्या संघाला एकवीस पोरं. मी मोजली, दोनदा.

त्याच रात्री मुलगी म्हणाली, "आप्पा, विमानं सुरू झालीत. नोव्हेंबरचं तिकीट काढू का? आईला कृष्णेत सोडायचंय."

"काढ," म्हटलं. "परतीचंपण काढ. ह्यांचे सामने सुरू व्हायच्या आत."

तिनं प्रेस उघडलं आणि चहाचा डबा काढला.

सकाळी भिंतीवर आठ मोडक्या काठ्या होत्या. त्यात त्या लहान पोराची होती, टोकापासून हातभर चिरलेली. दुपारपर्यंत ती बांधली. मूठ कानशीनं खरवडली, पट्टी गुंडाळली, डोळे मिटून तळवा फिरवला. चांगली खरखरीत. बायको असती तर परत दिली असती.