सासूबाईंची बरणी आणि मामाजींचं इंजिन

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरात माझ्यावर कोणाचाही विश्वास नाही.

तरीही गेल्या दिवाळीत मी जाहीर केलं, "तळणाचं तेल फेकू नका, मी त्याचं डिझेल करतो!" बार्शीटाकळीच्या शेतात सासऱ्यांचं, म्हणजे मामाजींचं, वीज गेली की पाणी उपसायचं इंजिन आहे. ते त्यावर चालवायचं ठरलं. अमरावतीच्या आमच्या गल्लीनं डबे भरून तेल दिलं. सासूबाईंनी मोठी बरणी पाठवली.

त्यासाठी लागणारं मिथेनॉल विषारी आणि भसकन पेटणारं, कॉस्टिक सोडा कातडी सोलणारा. म्हणून मी उघड्या अंगणात, विस्तवापासून लांब, चष्मा-हातमोजे घालून कामाला लागलो.

खिडकीतून बायको ओरडली, "डिझेल करून राहिले का बॉम्ब?"

सगळं तेलात मिसळलं, खाली बसलेलं ग्लिसरीन काढलं, डिझेल धुतलं, वाळवलं. असं सोनेरी झालं की मी स्वतःलाच नमस्कार केला.

थंडीत हरभरा पाण्याला आला आणि नेमकी वीज गेली. मामाजींनी मोठ्या विश्वासानं (चूक त्यांचीच!) टाकी माझ्या डिझेलनं भरली. भल्या सकाळी माझ्यासमोर हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकललं आणि गप्प! फिल्टर उघडला, तर आत पांढरा रवाळ गोळा.

"जवाईबुवा, हे काय होय? हरभरा वाळून राहिला ना!"

मी गोळा बोटांत चोळून पाहिला. तेवढ्यात सासूबाई अनारशांचा डबा घेऊन आल्या.

"मामीजी, तुमच्या बरणीत तेलच होतं ना?"

"तेल काहून? जवायाचे अनारसे मी तेलात तळीन का? साजूक तूप होतं ते!"

दिवाळीच्या उकाड्यात ते पातळ होतं, मी न बघता ओतलं. सासूबाईंच्या बरणीवर शंका कोण घेणार? तुपाचं डिझेल थंडीत गोठतं, हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो!

मामाजींनी काडीपेटी काढली. "थांबा, टाकीले खालून शेकतो."

"मामाजी, काडी नका!" मी अशी झेप घेतली की थेट पाटातल्या साचलेल्या पाण्यात पडलो. (तोवर शेतात ओला झालेला मी एकटाच.)

मग घरून गरम पाणी आणून पोती भिजवली आणि सर्दी झालेल्या लेकराला शेकावं तसं टाकी-फिल्टरला शेकलं. ऊन चढलं आणि इंजिन धडधडलं! हरभऱ्याला पाणी लागलं. मी बांधावर बसून डबा उघडला.

मामाजी इंजिनावर हात फिरवत म्हणाले, "हे मशीन समजदार हाय. तूप जास्त झालं का थांबते."

मी तेव्हा सातवा अनारसा उचलत होतो.