दुसरी बांदेकरीण

दोन हजार तेवीस साल. मी शहात्तर वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण आपलं म्हणणं सोडायची सवय मला तेव्हाही नव्हती, आजही नाही.

पेडण्याकडच्या आमच्या वाड्यावर लग्न होऊन आलेल्या बाईला माहेरच्या गावावरून हाक मारतात. डिचोलीची ती डिचोलकरीण, मांद्र्याची ती मांद्रेकरीण. पुरुष सगळे इथलेच, त्यांना कोण विचारतो कुठचे म्हणून? माझी बायको बांद्याची. पंचेचाळीस वर्षं ती सगळ्यांची बांदेकरीण होती. मीसुद्धा तेच म्हणायचो. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा पणजीला. घरात दिवसभर माझ्या खोकल्याशिवाय आवाज नसायचा.

एका दुपारी सोप्यावर सुपाऱ्या सोलत होतो. हाक आली, "गो बांदेकरणी, हंय ये!"

मी चटकन मागे वळून स्वयंपाकघराकडे बघितलं. तेवढ्यात शेजारच्या अंगणातून उत्तर गेलं, "इलंय!" शेजारणीची नवी सून होती. तीही बांद्याची.

माझं डोकं सणकलं. तसाच कुंपणाशी गेलो. "ह्यां नाव माझ्या घरातला. तुझ्या सुनेक दुसरां ठेव."

शेजारीण हसली. "काय तरीच भाऊ! सगळो बांदो तुमका हुंड्यात मेळलो काय?"

"मेळलो म्हणान समज."

"मग आता नाक्यार पाटी लावा!"

मी आणखी बोलणार होतो, पण सून पुढे आली. मान खालीच होती. "आजोबानू, लग्नात तांदळात लिवून माझा नाव बदलल्यानी. त्या नावान हाक मारली तर माका कळणाच नाय, माकाच मारतत म्हणान. बांदेकरीण म्हटला काय तेवढा माझा वाटता."

माझ्या बायकोचंही नाव असंच बदललं होतं. तिचं पहिलं नाव काय, ते मी तिला कधी विचारलंच नव्हतं. आता विचारणार कोणाला? घरात आलो आणि दार ओढून घेतलं. संध्याकाळी दिवासुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पदेर पाव घेऊन आला. भोंगा वाजवून थांबला, पण पलीकडून कोणी बाहेर येईना. मी कुंपणाशी गेलो, घसा खाकरला आणि हाक मारली, "गो बांदेकरणी! पाव इले!"