भिंगरीचं स्टेरिंग

माझे यजमान गेले, त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय — पण कुठून सुरू करू?

भिंगरीपासूनच करते. साताऱ्यात एका शेडमध्ये तयार होणारी छोटीशी मोटार होती ती. आबांची. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवून ते निवृत्त झाले आणि स्वतःची मोटार बांधायला बसले. इंजिन तेवढं बाहेरून यायचं. बाकी पत्रा ठोकण्यापासून रंगापर्यंत सगळं तिथंच. अशी हिंमत कुणी केली असती? मी उंब्रजची, शेतात ट्रॅक्टर चालवणारी पोरगी. गिऱ्हाइकांना गाडी चालवून दाखवायला आबांनी मला ठेवलं. बाईमाणसाला ती किती सहज जमते, हे लोकांना दिसू दे, म्हणाले. मी हवेत होते — अगदी हवेत.

सांगलीचे व्यापारी एजन्सी घ्यायला आले, तेव्हा उंब्रजच्या रस्त्यावर मी एकटी गाडी पळवून दाखवत होते. स्टँडपाशी मैत्रिणी दिसल्या. मी मान वळवली, स्टेरिंगवरचा हात उचलून त्यांना हलवून दाखवला — आणि गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली. व्यापारी धावत आले. मी म्हणाले, स्टेरिंग अडकलं.

का म्हणाले? लाज वाटली. एवढंच.

आबांनी आधी विचारलं, "पोरी, लागलं न्हाई न्हवं?" मग गाडी शेडमध्ये आणून माझ्यासमोर स्टेरिंग सुटं केलं. सगळं लोण्यासारखं फिरत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

बाहेर येऊन ते व्यापाऱ्यांना म्हणाले, "व्हय, स्टेरिंगमधी खोट हाय. गाडी मी बांधली, चूक माझी."

मी शेजारीच उभी होते. तेव्हा तरी बोलता आलं नसतं का?

व्यापारी परत गेले. बोभाटा झाला, गिऱ्हाइकं तुटली, वर्षाच्या आत शेडला कुलूप लागलं. आबा पुढं विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करत राहिले. माझ्या लग्नात आले तेव्हा माझ्या सासऱ्यांना कौतुकानं सांगत होते — ही लय चांगली गाडी चालवती.

परवा साताऱ्यात जुन्या मोटारींचं प्रदर्शन होतं. कुणीतरी जपलेली एक भिंगरी तिथं उभी होती, घासूनपुसून लख्ख. माहिती देणारी मुलगी लोकांना सांगत होती, गाडी देखणी, पण स्टेरिंगच्या दोषापायी कंपनी बुडाली. मी बराच वेळ तिथंच घुटमळले, म्हणून तिनं विचारलं, "आजी, तुम्ही कधी चालवली होती का ही?"

मी नाही म्हणाले.