वळणावरचा पाय
लाखनीच्या हायवेवर ट्रकच्या तापलेल्या ब्रेकचा वास आला की मला तिथलं गेम पार्लर आठवतं. टायरच्या दुकानामागची कोंदट खोली, कार रेसिंगसाठी शेजारी शेजारी लावलेली दोन स्टिअरिंग, आणि दुसऱ्यावर माझा एकोडीचा मामेभाऊ. आमच्यातला जिंकणारा भंडाऱ्याच्या स्पर्धेला जाणार होता. शेवटच्या वळणावर माझी गाडी दरवेळी गिरकी घ्यायची, त्याची कधीच नाही, म्हणून मला त्याच्या पेडलचाच संशय होता. शर्यतीआधी तो कानाशी येऊन म्हणाला, “अबे, वळणात एक्सिलेटरवरून पाय काहून उचलून राहिला? सारा भार समोर येते, मागचं हलकं होते, मंग मागूनच घसरते गाडी.” पण धानाच्या चिखल झालेल्या बांधीत ट्रॅक्टरचं तोंड उचललं की आधी पाय सोडायचा, हे आम्ही दोघंही लहानपणापासून शिकलेलो. शिवाय स्वतःला जिंकायचं असताना खरं कोण सांगतं? मी मुद्दाम पाय सोडला. गाडी गरकन फिरून उलट्या तोंडानं थांबली आणि तो पुढे निघून गेला. “तुह्या पेडलमध्येच काहीतरी आहे,” मी ओरडलो. तो उठला आणि त्यानं आपली खुर्ची मला दिली. तिथंही मी पाय सोडला, तिथंही गाडी फिरली. परवा खरी कार घ्यायचं ठरलं, तेव्हा मी त्यालाच फोन करून विचारलं, कोणती घेऊ. “तुले वाटते ते घे बाप्पा,” एवढंच म्हणाला. फोन ठेवल्यापासून मी विचार करतोय, हा नेमकं काय लपवून राहिला.