अब्बांचा हात

अब्बा गुलमंडीच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात कामाला होते. गिऱ्हाइकापुढं तागे उलगडायचे, कापड मोजून फाडून द्यायचे. शेठ तोंडाचा फार वाईट. समोर बायका असल्या की त्याला जास्तच जोर चढायचा. "डोळे फुटले का तुझे? म्हातारा व्हायला आला, अजून अक्कल नाय." अब्बा मान खाली घालून तागा गुंडाळायचे. घरी ताटावर बसले की घास हातात धरून नुसते दात आवळायचे. झोपेत "जी शेठ, जी शेठ" बरळायचे. माझं सगळं लहानपण हे ऐकण्यात गेलं.

लग्न होऊन मी शेजारच्याच गल्लीत गेले, त्यानंतर त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट आपोआप एकमेकांवर फिरायला लागलं. बघणाऱ्याला वाटावं, तसबीहचे मणी ओढताहेत. कापड वाकडं फाटायला लागलं. एकदा शेठनं भरल्या दुकानात विचारलं, "पिऊन आलास का रे?" ज्यांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नाही, नमाज कधी चुकवली नाही, त्यांना. अब्बा भरदुपारी घरी आले आणि मोरीवर बसून कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.

मी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. पार्किन्सन निघाला. मी विचारलं, "वर्षानुवर्षं जिवाला घोर लावून घेतला तर होतो का हा?"

डॉक्टर म्हणाले, "तसा संशय आहे, खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. पण ताण आला की थरथर वाढते, हे मात्र नक्की."

मला खात्रीच हवी होती. कुणाच्या तरी तोंडावर फेकता येईल अशी.

अब्बांचं काम सुटलं. गोळ्यांनी आणि घरातल्या शांततेनं हात बराच थांबला. स्वतःच्या हातानं जेवायला लागले. अशात एका सकाळी शेठ फळं घेऊन भेटायला आला. खुर्चीवर ऐसपैस बसून म्हणाला, "काय रे, आराम चाललाय?"

अब्बांनी कप उचलला होता. हात असा थरथरला की बशी खडखडली, चहा पायजम्यावर सांडला.

"उठा," मी म्हटलं. "ती फळंही घेऊन जा."

"मी काय केलं?" शेठनं विचारलं. खरंच विचारत होता, त्याला काही आठवत नव्हतं. याचाच मला जास्त राग आला.

"मी ते सांगत बसले तर तुम्हाला दिवसभर इथं बसवून घ्यावं लागेल. तुमचा आवाज या घरात नको."

तो गेला. अब्बा माझ्यावर चिडले. "घर आया मेहमान था, बेटी." मी ओला पायजमा बदलायला मदत केली, त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी दोन्ही हातांत त्यांचा हात धरून बसले. थरथर थांबायला बराच वेळ लागला.

आता अब्बा नाहीत. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती हे मला ठाऊक आहे. तरी त्या शेठला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.